मीठ जास्त

जळगावहून धुळ्याला सायकलवाल्यांचा जथ्था चालला होता. त्यातला एक जाडा गडी एरंडोलपुढे माझ्या ओट्यावर येऊन बसला. पायात गोळे आलेले. पोटऱ्या दाबत म्हणाला, "नाना, काही खारट शे का घरात?"

बायकोच्या हातचं लोणचं होतं. ती गेल्यापासून बरणीचं फडकं मी सोडलं नव्हतं. त्याच्यासाठी सोडलं.

फोड चोखून त्यानं एक डोळा मिटला. "मीठ जास्त शे, नाना."

ती गेल्यावर जो तो तिचं कौतुकच करत होता. मला एकदम हसू आलं, हलकं वाटलं. म्हटलं, "तिला सांगून सांगून थकलो मी."

बोटं चाटत त्यानं अजून एक फोड मागितली. मीही जन्मभर असंच करत आलो.