सोफेवाल्याची सवत

सोफेवाल्याचं लग्न इतकं लांबलं की त्याच्यासाठी स्थळं बघणारी मावशीच देवाघरी गेली. चाळिशी उलटल्यावर त्याने दोन मुलांच्या आईशी संसार मांडला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. तिचा पहिला नवरा धाकटा पाळण्यात असतानाच गेला होता. आता धाकटा तीन वर्षांचा होता, थोरली सात. सोफेवाला आपली एक पेटी आणि एक उशी घेऊन तिच्या दोन खोल्यांत राहायला आला. शेजारी म्हणाले, "आयत्या बिळावर नागोबा!" त्याने ते ऐकलं आणि गिळलं. गिळणं त्याच्या हाडीमासी मुरलेलं होतं.

त्याचं कामच तसं. जुने सोफे सोलायचे, आतला काथ्या पिंजायचा, पट्ट्या ताणायच्या आणि वरून नवं कापड ठोकायचं. ठोकायला बारीक खिळे लागतात, त्यांना चुका म्हणतात. त्या चुका तो तोंडात धरायचा आणि जिभेने एकेक पुढे आणून हातोडीखाली द्यायचा. दिवसभर ज्याच्या तोंडात चुका, तो बोलणार काय? सवय अशी जडली की घरी तोंड रिकामं असलं तरी तो "हं" आणि "बरं" यापलीकडे जात नसे. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण मुलांना गप्प माणसाची भीती वाटते. थोरली त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. धाकट्याला उचलायला गेलं की तो अंग चोरून घ्यायचा. दोघं त्याला काका म्हणायची. सोफेवाल्याने त्यालाही "बरं" म्हटलं होतं.

मनातून मात्र तो जळायचा. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर थोरलीला चिडवायचा आणि ती खिदळायची, तेव्हा याच्या पोटात दुखायचं. समोरच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर धाकटा बिनदिक्कत चढायचा, तेव्हा हा खिडकी लावून घ्यायचा.

अशात मुलांनी मांजराचा हट्ट धरला.

"मांजर?" सोफेवाला म्हणाला. "अगं, मांजर म्हणजे सोफ्याचा काळ. माझ्याकडे येणारे निम्मे सोफे मांजरांनी ओरबाडलेले असतात."

"मग तर बरंच आहे," बायको म्हणाली. "मुलांना जीव लावायला काहीतरी हवं हो घरात."

"आणि मी काय भिंतीवरची पाल आहे?"

बायकोने चमकून पाहिलं. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून क्वचितच निघायचं. "तसं नाही म्हटलं मी," ती म्हणाली, पण कसं म्हटलं ते काही तिने सांगितलं नाही.

सुट्टीच्या दिवशी चौघं निघाली. गावाच्या टोकाला एक बाई सोडून दिलेली मांजरं सांभाळायच्या. पत्र्याची लांबट शेड, आत फळ्या, टोपल्या, आणि जिकडेतिकडे मांजरं. बाईंनी आधी मांजर दाखवलंच नाही. स्टूल पुढे करून चौकशी सुरू केली. मुलं किती वर्षांची? घरात आरडाओरडा किती? दिवसा कोण असतं? मांजराला लपायला जागा आहे का?

थोरलीने एक मुठीएवढं पिल्लू उचललं होतं. "आई, हे!"

"ते नको, बाळ," बाई म्हणाल्या. "पिल्लं सगळीच गोड दिसतात. मोठेपणी कशी निघतील ते त्यांनाच ठाऊक नसतं. शिवाय भाऊ तीन वर्षांचा. त्याने प्रेमाने दाबलं तरी पिल्लाचा जीव जायचा. तुम्ही चांगली मोठी मांजर न्या, जिचा स्वभाव ठरून गेलाय."

सोफेवाल्याची नजर वरच्या फळीवरच्या एका राखाडी बोक्यावर गेली. बोका देखणा होता आणि खाली चाललेल्या गोंधळाकडे ढुंकून पाहत नव्हता. सोफेवाल्याला तो फार आवडला. असा बोका घरी आणला तर कपाटावर बसून राहील, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलं दोन दिवस हाका मारतील आणि कंटाळतील.

"हा घेऊ," तो म्हणाला. "खानदानी दिसतोय."

"दिसतोय खरा," बाई म्हणाल्या. "पण जरा थांबा. सगळे खाली बसा. कुणाला हाक मारू नका, कुणाच्या मागे धावू नका. कोण येतंय ते बघू."

सगळी फरशीवर बसली. बाईंनी मुद्दाम एक पत्र्याचा डबा खाली पाडला. खणखणाट झाला तशी मांजरं दाही दिशांना पांगली आणि राखाडी बोका छताच्या आडव्या बांबूवर जाऊन बसला. एक चट्टेपट्ट्यांची मांजर तेवढी जागची हलली नाही. तिचा एक कान फाटलेला होता आणि पोट लोंबत होतं. ती डब्यापाशी गेली, वास घेतला, आणि सरळ येऊन धाकट्याच्या पायाला अंग घासू लागली.

धाकट्याने दोन्ही हातांनी तिला मिठी मारली, जरा जास्तच घट्ट. मांजरीने थोडा वेळ सोसलं, मग अंग सोडवून घेतलं आणि हातभर लांब जाऊन बसली. नखं काढली नाहीत की फिसकारली नाही. धाकट्याने हात खाली ठेवले तशी पुन्हा आली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "ओरबाडणारी मांजर लहान मुलांत नको. पण निमूट सगळं सोसणारीही नको, ती एक दिवस उलटते. पुरे झालं की उठून जाते आणि राग न धरता परत येते, ती न्या."

"पण हा बोका..." सोफेवाला म्हणाला.

"अहो, बोका बांबूवर आहे," बायको म्हणाली, आणि विषय संपला.

वाटेतच मुलांनी तिचं नाव गादी ठेवलं. तिच्या पोटावर डोकं ठेवलं की गादीसारखं लागतं म्हणून. घरात शिरताच ती खोलीभर फिरली, सोफेवाल्याच्या खुर्चीत चढली आणि पाय पोटाशी घेऊन बसली.

"गादी गादीवर बसली!" थोरली ओरडली. माय-लेकरं हसून हसून लोळली. सोफेवाला उभाच राहिला.

वर्षभर त्याला जे मिळालं नव्हतं ते त्या मांजरीने आठवड्याभरात मिळवलं. धाकटा झोपेतून उठला की आधी तिला शोधायचा. थोरली तिला समोर बसवून धडा वाचून दाखवायची आणि मध्येच विचारायची, "कळलं का गं?" बायको दमून घरी आली की मांजरीशी अशा काही आवाजात बोलायची की सोफेवाल्याला वाटे, हा आवाज हिच्याकडे होता तर! आणि मांजर करायची काय? काही नाही. नुसती घुरघुरायची. तो "हं" म्हणायचा तर लोकांना घुमा वाटायचा. ही दिवसभर एकच सूर काढायची तर सगळे म्हणायचे, किती प्रेमळ!

शेवटी त्याने आपल्या हुकमी कामाला हात घातला. दुकानात उरलेल्या पिवळ्या मखमलीतून त्याने थोरलीसाठी लहानशी खुर्ची केली. उत्तम स्पंज घातला, पाठीला बटणं ओढली, कडेने गोट लावला. इतक्या निगुतीने त्याने कुठल्या शेठचाही सोफा केला नव्हता. खुर्ची घरी आणून त्याने थोरलीच्या पुढ्यात ठेवली.

थोरलीने मखमलीवरून हात फिरवला. "माझ्यासाठी? थँक्यू काका!" तिचा चेहरा खरंच उजळला होता. मग तिने मांजरीला उचललं आणि अलगद खुर्चीत ठेवलं. "आई, बघ ना, गादीला किती आवडली!"

सोफेवाला त्या दिवशी जेवताना मीठ मागायलाही बोलला नाही.

"अहो," भांडी आवरताना बायको हळूच म्हणाली, "ती मांजर आहे. तुमची सवत नाही."

ते त्याला फारच झोंबलं. खरं होतं म्हणून झोंबलं.

चार दिवसांनी धाकट्याला सर्दी झाली. हवा बदलली होती, गल्लीतली निम्मी पोरं शिंकत होती. पण सोफेवाल्याला हवं ते निमित्त सापडलं. "केसांमुळे आहे हे," तो म्हणाला. "मांजरीचे केस. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाला दमाच जडला होता." असं कुठलंही गिऱ्हाईक नव्हतं. बायको औषधांच्या दुकानातली, तिने शंका काढून पाहिली. पण मुलाच्या छातीचा प्रश्न आला की आईचं शहाणपण डगमगतं. "पुढे दम्यावर गेलं तर?" असं त्याने तीनदा म्हटल्यावर ती नमली. "मग नेऊन द्या," ती म्हणाली. "पण मुलांना मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

त्याने सांगितलं नाही. तीनचार दिवसांनी, मुलं शाळेत आणि बालवाडीत गेल्यावर, त्याने मांजरीला टोपलीत घातलं आणि बाईंच्या शेडवर गेला. शेडला कुलूप. बाई बाहेरगावी गेल्या होत्या, उद्या येणार होत्या. टोपली घेऊन त्याला दुकानात यावं लागलं.

दुकान म्हणजे एक उंच, अरुंद खोली. पुढे सांगाडे, मागे कापडाचे तागे, मध्ये काथ्याचा ढीग. त्याने मांजरीला मोकळं सोडलं आणि तोंडात चुका घेऊन कामाला लागला. थोड्या वेळाने मागून ओळखीचा आवाज आला, टर्र, टर्र. एका वकिलांच्या खुर्चीला कालच लावलेल्या निळ्या मखमलीवर गादी दोन्ही पंजांनी चढली होती. सोफेवाल्याला राग यायला हवा होता, पण आला भलताच आनंद. पुरावा मिळाला! आता कोण म्हणेल हिला गुणाची?

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "दिलीत?"

"कुलूप आहे. दुकानात आणलीय. आणि ऐक, वकिलांची खुर्ची फाडली तिने. सांग मुलांना."

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी ती मुलांना घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली. "घरात गादी नाही म्हटल्यावर यांना कळलंच. मला कामावर जायचंय. संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे असू देत." आणि त्याने "अगं पण" म्हणायच्या आत ती निघूनही गेली.

मुलं याआधी कधी दुकानात आली नव्हती. धाकटा धावत जाऊन मांजरीपाशी बसला. थोरलीने फाटलेली मखमल पाहिली आणि तिचं तोंड पांढरं पडलं. सोफेवाल्याच्या हातात हातोडी होती.

"काका, तिला मारू नका," ती म्हणाली. "मी शिवून देईन. मला टाके येतात."

सोफेवाल्याने हातोडीकडे पाहिलं. ही पोरगी आपल्याला काय समजते, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात चुका होत्या. त्याने ओंजळ पुढे केली आणि एकेक करून सगळ्या बाहेर काढल्या.

धाकट्याचे डोळे विस्फारले. "काका खिळे खातात!"

"खात नाही रे. ठेवतो."

"गिळले तर?"

"तीस वर्षांत एकदाच गिळला."

"मग?" थोरलीने विचारलं.

"मग काय, दोन दिवस केळी खाल्ली आणि वाट बघितली."

थोरलीला आधी कळलं नाही. कळलं तशी ती फसकन हसली. धाकट्याला काही कळलं नव्हतं, तरी तोही हसत सुटला. सोफेवाल्याला त्या हसण्याची चटक लागली. त्याने धाकट्याला तोंड उघडून दाखवलं, जिभेवर चूक उभी कशी करायची ते दाखवलं. वकिलांच्या खुर्चीचं कापड सोलून काढलं आणि आतला स्पंज, पट्ट्या, काथ्या, सगळं समजावून सांगितलं. "मांजरांना शिव्या द्यायची सोय नाही मला," तो म्हणाला. "त्यांची नखं आहेत म्हणून माझं दुकान आहे." वर्षभरात घरी बोलला नसेल एवढं तो त्या दुपारी बोलला.

बोलता बोलता त्याचं लक्ष खाली गेलं. धाकटा त्याच्या मांडीला टेकून ऐकत होता खरा, पण त्याचा हात सारा वेळ मांजरीच्या पाठीवर होता. सोफेवाल्याच्या काळजात पुन्हा बारीकशी कळ उठली. ही दोघं हिच्यासाठी आली आहेत. ही नसती तर दुकानाचा उंबराही चढली नसती.

काथ्याची धूळ उडाली आणि सोफेवालाच सटासट शिंकला.

"काकांना पण गादीचे केस लागले," थोरली हिरमुसून म्हणाली. "आता तिला पाठवणारच ना?"

"नाही," तो म्हणाला. "हा काथ्या आहे. केसांचं काही नाही." मग जरा थांबून म्हणाला, "धाकट्याचंही केसांचं नव्हतं. साधी सर्दी होती. मी उगीच म्हणालो."

"उगीच का?"

त्याने पुन्हा चुका तोंडात घेतल्या. थोरलीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. पण तिने फिरून विचारलं नाही.

संध्याकाळी टोपली घेऊन तिघं निघाली. चौकाच्या पुढे धाकट्याने दोन्ही हात वर केले. सोफेवाल्याने जपून त्याला उचललं. या वेळी त्याने अंग चोरलं नाही, कारण काकांच्या कडेवरून टोपलीच्या फटीतून आत दिसत होतं. तो वाकून वाकून मांजरीशी बोलत राहिला आणि सोफेवाला एका हातात टोपली, एका हातात पोर असा वाकडा होऊन घरापर्यंत आला.

बायकोने दार उघडलं, टोपलीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. "दमा?" तिने विचारलं.

"गेला," तो म्हणाला.

"धाकट्याची सर्दी परवाच ओसरली होती. दुसऱ्या कुणाची जळजळ उतरायची मी वाट बघत होते."

त्यावर तो "हं" म्हणाला.

गादी त्या घरात पुढे बरीच वर्षं नांदली. मुलं शाळेतून परस्पर दुकानात येऊ लागली आणि गादीही सोफेवाल्याबरोबर टोपलीतून येऊ लागली, कारण तिच्याशिवाय मुलं येत नसत. सोफेवाल्याने तिच्यासाठी कोपऱ्यात जाड रेक्झिनचा एक फाटका लोड ठेवला. ओरबाड म्हणावं किती ओरबाडतेस. मुलं त्याला काकाच म्हणत राहिली. धाकटा आजारी पडला की "काका, खिळ्याची गोष्ट सांगा," असा हट्ट धरायचा आणि सांगताना मांजर कुशीत लागायचीच. सोफेवाला गोष्ट सांगायचा, मधूनमधून मांजरीकडे तिरकं बघायचा. तिने त्याच्या मांडीवर मात्र कधी पाऊल ठेवलं नाही. त्याने एकदोनदा, कुणी नसताना, फरशीवर बसून वाटही पाहिली. ती आली नाही. याचंही त्याला वाईट वाटलं, आणि ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही.