टाकीची उंची काढताना

जावयाचं चुकलं असं म्हणायची पद्धत आमच्या सासुरवाडीत नाही. ही पद्धत किती घातक आहे, हे मी केनवडच्या मिरचीच्या शेतात सिद्ध करून दाखवलं.

सासऱ्यांनी त्या सकाळीच रोपं लावली होती. संध्याकाळपर्यंत पाणी मिळालं नाही तर ती माना टाकणार. ठिबकच्या नळ्या अंथरल्या होत्या, विटांचा चौथराही तयार होता, दोन मीटर उंच. त्यावर टाकी चढवायची तेवढी बाकी.

"उंची कशी ठरवली, मामाजी?"

"अंदाजानं."

अंदाज! (मी वाशीमला कचेरीत कारकून. आमच्याकडे अंदाजालाही तीन सह्या लागतात.) मी नळ्यांसोबत आलेलं माहितीपत्रक उलटं करून सूत्र लिहिलं: दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्व गुणिले उंची. नळ्यांना दाब हवा वीस हजार पास्कल. पाण्याची घनता हजार, गुरुत्व दहा, म्हणजे गुणाकार दहा हजार. उरली अज्ञात उंची. तिला एकीकडे ठेवून बाकीच्यांना समान चिन्हापलीकडे हाकललं. दहा हजार भागिले वीस हजार. अर्धा मीटर!

"अर्धा?" सासरे चौथऱ्याकडे बघत म्हणाले.

"अर्धाच. वरच्या विटा फुकट गेल्या तुमच्या."

अकरावीतली मेहुणी पल्लवी कागदात डोकावली. "जिजाजी, वीस हजार वर पायजे. तुमी उलटं भागून राह्यले."

"गप बस वं," सासरे म्हणाले. "जवाई हायेत ते."

"म्हून काय पाणी त्याईचं आयकन?"

दीड मीटर चौथरा सासऱ्यांनी स्वतः उतरवला. मी सावलीत उभा राहून दाबाचं महत्त्व समजावत होतो. वीज आली, टाकी भरली, तोटी उघडली. पहिल्या दोन ओळी ठिबकल्या. पुढच्या अठरा कोरड्या ठणठणीत! मी नळीला कान लावला. आतही शांतता.

"हवा अडकली असन," सासरे म्हणाले. थोड्या वेळानं, "नळ्याच खराब." शेवटी तर, "जमीनच चढाची निघाली!" चाळीस वर्षं नांगरलेली जमीन त्यांनी माझ्यासाठी तिरपी केली.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. (जावयाचा मान राखण्याचं बंधन तिला नाही.) तिनं आधी टाकी पाहिली, मग विटांचा ढीग.

"बाबा, ह्याईच्या हाती कागद कोनं देला?"

उन्हं कलली, रोपं वाकली. चौथरा परत रचायला वेळ नव्हता. आम्ही चौघांनी बादल्या उचलल्या. तिसाव्या खेपेला माझ्या डोक्यात समीकरण आपोआप सुटलं. दोन मीटर! ते कोणाला सांगण्याइतका दम मात्र उरला नव्हता.

रोपं वाचली. सासऱ्यांनी शेवटची बादली तोटीखाली लावली आणि अगदी मनापासून म्हणाले, "काई म्हना जवाईबापू, तोटीखाली बादली बसाले हे उंची बरोबर हाय."

खरंच, तसूभरही फरक नव्हता. भौतिकशास्त्रात मी आजवर काढलेलं हे एकमेव अचूक उत्तर. फक्त तो प्रश्न कोणी विचारला नव्हता!