टरफलांच्या विटा

वाटूरजवळच्या त्या गावी मी लग्न होऊन आले, तेव्हा घरात गडीमाणसांना बसायला बैठक होती, बैलांना गोठा होता, कडब्यालाही छप्पर होतं. बायकांना आंघोळीसाठी मात्र परसात उभी केलेली एक बाज आणि तिच्यावर टाकलेली गोधडी. तांबडं फुटायच्या आत दोन तांबे अंगावर घ्यायचे आणि ओल्या अंगालाच लुगडं गुंडाळायचं. सासूबाईंनी तीस वर्षं असंच केलं होतं. मी पाच वर्षांतच कावले.

चूल घालताना माती तडकू नये म्हणून तिच्यात भुसा कालवायचा, एवढी अक्कल प्रत्येक बाईला असते. न्हाणी बांधायला मी तीच वापरली. गव्हाचा भुसा बैलांचा. त्याला हात लावला असता तर सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण भुईमुगाची टरफलं उकिरड्यावरच जायची. ती कुटली, शेण घालून पांढऱ्या मातीत चार दिवस भिजवली, पायांनी तुडवली आणि खोक्याच्या फळ्यांचा साचा करून विटा पाडल्या. वाळल्यावर त्या इतक्या हलक्या झाल्या, की साध्या कच्च्या विटा तीन न्याव्यात तिथं मी पाटीत सहा नेऊ लागले.

सासरे हसले. "मातीची न्हाणी? पहिल्याच पाण्यात वाहून जाईल."

"खाली दगड लावते, मामा. आतून चुना."

"कर मंग. रिकामी बसण्यापेक्षा बरं."

रिकामी! दिवसभर खुरपून आल्यावर मी चिखल तुडवत होते. माझा नवरा जालन्याला जिनिंगमध्ये कामाला होता. घरी असता तरी गप्पच बसला असता.

विटा पुरेशा झाल्या आणि एका संध्याकाळी शेतातून येऊन बघते, तर ढीग गायब. दिवसभर चार गडी लावून, बैठकीचा कोपरा अडवून सासऱ्यांनी माझ्याच विटांची खोली उभी केली होती, दारासकट.

"तालुक्याहून विकासाचे साहेब मुक्कामाला येऊन राह्यले. त्यायला खोली नको? तुला काय, अजून पाडशील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब आले. उरलेली एक वीट हातात तोलून म्हणाले, "स्वस्त आणि हलकी! हे डोकं कुणाचं?"

"आमचंच, साहेब," सासरे म्हणाले. बिलकुल चाचरले नाहीत. मी दाराआड चहाची कपबशी धरून उभी होते. ती त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली, हे आज लिहितानाही मला पटतं.

दुसऱ्या सकाळी साहेब गावात फेरीला गेले. परतताना ते शेजारच्या गावची माणसं भिंत बघायला आणणार होते. मी कढत पाण्याचा हंडा आणि बादली घेऊन त्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. सासूबाई अंगणातून बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही.

वरच्या झरोक्यातून चांगलं ऊन आलं होतं. पायांच्या भेगा उजेडात मी पहिल्यांदाच नीट बघितल्या आणि सावकाश घासल्या. बाहेर साहेबांचे, पाहुण्यांचे जोडे वाजले. दार ढकललं गेलं.

"आत कोण हाय?" सासरे ओरडले.

त्यांच्यापुढं कधी शब्द न काढणाऱ्या सासूबाईंचा आवाज आला, "सून न्हाऊन राह्यली. तिनंच पाडल्यात त्या विटा. थांबा भाईर."

दाराखालून पाणी बाहेरच्या सगळ्या जोड्यांकडं चाललं होतं. मी आणखी एक तांब्या भरून घेतला.