कमरेतली लचक

"मणक्याला फ्रॅक्चर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. एक्स-रे म्हणजे हाडांचा फोटो आणि फ्रॅक्चर म्हणजे हाड मोडणं, हे मला त्या दिवशी कळलं. मी तेरा वर्षांची होते. नागपुरातला बायकांचा दवाखाना, इंग्रजांचा अंमल.

आई म्हणाली, "लचक भरली म्हणून आम्ही विटेनं शेकत होतो, बाई."

ज्यांच्या घरी कसरत करणारी पोर आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

महाल भागात मुलींचा आखाडा नवाच निघाला होता. मी दोरीच्या मल्लखांबावर चढायची. वस्ताद आम्हाला अर्धी भाकर खाऊ देत आणि छाती फडक्यानं आवळून बांधायला लावत. "ज्या दिवशी बाहेर बसशील त्या दिवशी दोरी सुटली समज," म्हणत. विटाळाच्या पोरीनं दोरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणून आम्ही उपाशी राहून मोठं होणं लांबवत होतो.

एक दिवस मागे वाकून कमान टाकताना कमरेत कळ आली. मी म्हटलं, "वस्ताद, कमरेत लचक भरली."

वस्तादांची बोली अर्धी हिंदी. आमच्या घरी लचक म्हणजे मुरगळणं, त्यांच्याकडे लचक म्हणजे अंग लवणं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही.

"ऐका वं पोरींनो, हिच्यात लचक भरली म्हणते! वर्षभर मी दुसरं काय भरून राहिलो?"

पोरी हसल्या. वस्तादांनी मला पालथं झोपवलं, पाठीवर गुडघा ठेवला आणि खांदे मागे ओढले. आवाज झाला. तो मी ऐकला, शेजारच्या पोरींनीही ऐकला. मग कोणी हसलं नाही.

दवाखान्यात मला प्लास्टर घातलं. ओल्या चुन्यासारख्या पट्ट्या काखेपासून मांड्यांपर्यंत गुंडाळायच्या आणि वाळू द्यायच्या. आत खाजतं, घाम कुजतो, उवा होतात. हागणं-मुतणं पडल्या पडल्या. डावा पाय बधिर होता. बाई रोज सुई टोचून विचारत, "कळतं का?" मी नाही म्हणायची.

वस्ताद एकदाच आले. मला संत्रं दिलं आणि बाबांना म्हणाले, "पोरगी जड झाली गा, म्हणून मोडली. धाकटी हलकी आहे." बाबा त्यांच्या पाया पडले.

पुढच्या भेटीला माझी आठ वर्षांची धाकटी बहीण सुशी आईबरोबर आली. पलंगाला टेकून हळूच म्हणाली, "ताई, दसऱ्याले साहेबापुढं तुह्या जागी मीच चढणार. वस्ताद म्हणतात, माही लचक तुह्यापेक्षा चांगली आहे."

"जेवली का?"

"सकाळी अर्धी भाकर." सांगताना तिला फार अभिमान वाटत होता.

मी आईला म्हटलं, "तिले काढ तिथून." आई म्हणाली, "तुह्या बाबाले कोण सांगंल?"

मग मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "बाबांना सांगा, मला मूल होणार नाही."

"मी खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या.

बाबा आले तेव्हा बाईंनी त्यांना खरं सांगितलं. हाड दाबल्यामुळे मोडलं. उपासानं हाडं कच्ची राहिली. धाकटीला पाठवू नका. बाबा मान हलवत होते. भाजीवाल्याचा भाव ऐकावा तसं ऐकत होते.

मी पडल्या पडल्या म्हटलं, "बाबा, बाईले विचारा ना, मले लेकरू होईल का?"

बाबांची मान थांबली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आज सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

बाबा बाकावर बसले. "आन धाकटीचं?"

"वस्ताद तोच आहे, गुडघाही तोच. तुम्हीच ठरवा."

सुशी दुसऱ्या दिवसापासून घरी राहिली. रडली, मला शिव्या दिल्या. दसऱ्याला तिच्या जागी दुसऱ्या कोणाची पोर चढली. त्या पोरीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

पायात हळूहळू जीव आला. प्लास्टर काढलं तेव्हा आतली कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटून आली. मी आजही वाकडी चालते, पण चालते. त्या बाईंचे आभार मानते. सुईसाठी मानते आणि त्या एका वाक्यासाठीही.

ते वाक्य गल्लीभर पसरलं. मला एकही स्थळ सांगून आलं नाही. सुशीचं लग्न झालं, चार लेकरं झाली. वस्तादांना गावानं शाल दिली, तेव्हा बाबा पहिल्या रांगेत बसले होते.

तुमची पोर दुखतं म्हणाली तर शेकू नका, वस्तादाला विचारू नका, दवाखान्यात न्या. घरात तिचं दुखणं कोणी ऐकत नसेल, तर तिला लेकरू होईल का एवढंच मोठ्यानं विचारा. तेवढं सगळ्यांना ऐकू येतं.