प्रार्थनेच्या वेळची मैत्रीण

आमच्या नागपुरातल्या सदर भागातल्या मिशन शाळेत घंटा झाली की सगळ्या मुली प्रार्थनेला आत जात आणि आम्ही दोघी व्हरांड्यात बसत असू. प्रार्थनेची सक्ती नव्हती. जिच्या घरच्यांची ना असेल तिनं खुशाल बाहेर बसावं. माझे बाबा संत्र्यांचे अडते, माळकरी. तिचे अब्बा रंगरेज, पाच वक्तांचे नमाजी. एरवी या दोघांचं जन्मात एकमत झालं नसतं, पण इथे झालं.

आत पेटी वाजे आणि बाहेर आमच्या गप्पांना ऊत येई. वर्गात ती मागच्या बाकावर, मी पुढच्या. त्यामुळे बोलणं काय ते तेवढंच. तिच्या नखांत रोज नवा रंग असे. तो बघून काल तिच्या घरी कुणाचं लुगडं रंगवलं असेल, यावर आम्ही भांडायचो. लग्नघरांच्या ती अशा काही गोष्टी रचून सांगे की हसू दाबायला मी परकराचा घोळ तोंडात कोंबायची. इतकं निखळ सुख मला पुढे कुठल्या देवळातही मिळालं नाही.

मग बाबांना कुठून शहाणपण सुचलं कोण जाणे. जेवताना आईला म्हणाले, "ऐकल्यानं काही धर्म जात नाही वं. बसू दे पोरीले अंदर." सगळ्या आळीनं त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मला कुणी विचारलंच नाही. मी रडले, तर आईला वाटलं, पोर धर्माची किती पक्की!

मी आत बसू लागले. काही दिवस ती व्हरांड्यात एकटी दिसायची, मग दिसेना. मुलींना घरून आणणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "तिचा बाप म्हणते, दोघी होत्या तवर ठीक होतं. एकटी पोर बाहेर बसून राहिली तर लोक काय म्हणतीन? शाळाच बंद केली तिची."

तिचं घर कुठे, हे मला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी तिकडे मला कोण जाऊ देणार होतं? एवढं आयुष्य सरलं, अजून कुणाच्या नखांत रंग दिसला की जीव तिच्यासाठी कासावीस होतो.

प्रार्थना संपताना गोऱ्या बाई सांगत, डोळे मिटा आणि हवं ते मागा. बाकीच्या मुली पास होणं मागत. मी त्या परक्या देवाकडे रोज एकच मागायची: माझ्या बाबांना पुन्हा तुझा राग येऊ दे.