वहिनीचं फाईन

इंग्रजी भाषेला आजवर जेवढ्या अडचणीच्या शंका विचारल्या गेल्या असतील, त्यातल्या निम्म्या तरी एकट्या माझ्या चुलत वहिनीने विचारलेल्या आहेत, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. बाकीची माणसं इंग्रजी शिकतात, पाठ करतात, विसरतात आणि मोकळी होतात. वहिनीचं तसं नव्हतं. एखादं वाक्य हाती लागलं की बाजारातल्या वांग्यासारखं ती ते उलटंपालटं करून बघायची, देठ दाबायची आणि मग माझ्याकडे वळून विचारायची, "ते समदं ठीक हाय भाऊजी, पण हे म्हणायचं कोणाला?" मला काय कपाळ ठाऊक असणार. मी स्वतः बी.ए.ला इंग्रजीतच लटकलेलो होतो.

हे खूळ निघालं नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा. हिंगोलीत एक इंग्रजी शाळा नव्यानं निघाली होती आणि आपली पोरगी शिकली तर तिथंच शिकेल, असं वहिनीनं मनात घेतलं होतं. वहिनीनं मनात घेतलं म्हणजे विषय संपला. पण शाळेची अट अशी होती की आईबापांनी मोठ्या बाईंसमोर बसून इंग्रजीत उत्तरं द्यायची. नाही जमलं तर लेकरू घरी न्यायचं. बाप म्हणजे माझा चुलतभाऊ, उत्तमदादा. तो सेनगाव-हिंगोली रस्त्यावर जीप चालवायचा. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी नवा शर्ट घालून नुसता बसतो, बोलायचं तू. त्यामुळे पोरीचा सगळा भार वहिनीच्या जिभेवर आला. तिनं क्लास लावला, आणि एकटी बाई कशी जाणार म्हणून घरच्यांनी मलाही सोबत पाठवलं. हिंगोलीतच एका खताच्या दुकानाच्या माडीवर क्लास होता. युरियाच्या वासाबरोबर मला आजही 'हाऊ डू यू डू' आठवतं.

तिचा पहिला घोटाळा झाला थँक्यूपाशी. कुणी आपलं काम केलं की थँक्यू म्हणायचं, असं सरांनी शिकवलं. वहिनीनं घरी येऊन सासूबाईंवर प्रयोग केला. त्यांनी पाण्याची कळशी उतरवून दिली, ही म्हणाली थँक्यू, आणि त्याचा अर्थही सांगितला. म्हातारीचं असं बिनसलं की विचारू नका. "परक्यावानी काय बोलून राहिली ही?" असं मला विचारून तिनं दोन दिवस अबोला धरला. घरातल्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर उभं करणं, हे सरांना कुठं माहीत होतं. शेवटी वहिनीनं थँक्यू शेळीसाठी राखून ठेवलं. धार काढून झाली की ती शेळीच्या पाठीवर हात ठेवून थँक्यू म्हणायची. शेळीची काही तक्रार नव्हती.

मग 'नो, थँक्यू' आलं. वाढणाऱ्याला एवढंच म्हणायचं आणि तो पुढं जातो, हे ऐकून वहिनीचा जीव कळवळला. आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरतो आणि चौथी भाकर त्या हाताच्या बाजूनं पडते. जेवण म्हणतात ते त्यालाच. इंग्रजीतला पाहुणा एकदाच नको म्हणतो आणि मेला उपाशी उठतो, असं तिचं पक्कं मत झालं आणि ते आजतागायत बदललेलं नाही.

पण खरी गाडी अडली ती 'हाऊ आर यू'ला. सरांनी बाकावरच्या जोड्या करून बोलायला लावलं. वहिनीच्या वाट्याला तलाठ्याची परीक्षा देणारा एक लाजरा पोरगा आला. त्यानं तिला विचारलं, हाऊ आर यू? आता आमच्या गावात कुणी कसं काय म्हणून विचारलं, की विचारणाऱ्यानं बसायचं असतं. वहिनीनं रीतसर सुरुवात केली. गुडघे सांगितले, सासूबाईंचा खोकला सांगितला, तुरीवरची अळी सांगितली. पोरगं घामाघूम. सरांनी येऊन तिला थांबवलं आणि सांगितलं की याचं उत्तर फक्त फाईन. वहिनीनं थोडा विचार केला.

"सर, ज्याचा बैल मेला, त्यो बी फाईनच म्हणतो का?"

हो, तोही तसंच म्हणतो, असं सर म्हणाले. परतताना जीपमधून नरसीच्या फाट्याला माणसं उतरली, तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "मग भाऊजी, त्या लोकायचं खरं कोण ऐकत असंल?"

एवढं सगळं पचलं, पण एका वाक्यापुढं ती जाईना. 'माय हजबंड्स नेम इज' एवढं खणखणीत म्हणायची आणि पदर सावरून खाली बघायची. लग्न झाल्यापासून तिनं दादाचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नव्हतं. सर चिडायचे, पोरं हसायची. शाळेत हा प्रश्न हमखास विचारतात, पोरीचं नुकसान करू नका, असं मी परोपरीनं समजावलं. इंग्रजीत घेतलेलं नाव धरत नाहीत, असंही ठोकून दिलं. ती म्हणाली, "पण हे बाजूलाच बसलेले राहतील की."

मुलाखतीच्या दिवशी मी शाळेच्या दारात उभा होतो. मोठ्या बाई होत्या दूर केरळकडच्या; त्यांना मराठीचा गंध नव्हता. पोरीचं नाव विचारलं, वहिनीनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग त्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं. दादा नव्या शर्टात ताठ बसलेला, वहिनीची मान खाली. बाईंनी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात, आणि पुढ्यातले कागद आवरायला घेतले. तेव्हा वहिनीनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि एका दमात म्हणाली,

"टोमॅटो इज रेड, ग्रीन इज चिली, उत्तमराव ड्राइव्ह्ज जीप, सेनगाव टू हिंगोली."

बाईंच्या हातातले कागद हातातच राहिले. हे नाव आहे की कविता, त्यांना कळेना. दादाला तर काहीच कळेना. आपलं नाव कुठून तरी गेलं एवढंच त्याच्या कानानं टिपलं होतं. तेवढ्यात पोरगी खुर्चीवर उभी राहिली आणि तीच ओळ तिनं हात जोडून, ठेक्यात, वरच्या पट्टीत म्हणून दाखवली. आईनं चुलीपुढं इतक्यांदा घोकलं होतं की तिचंही पाठ झालेलं. बाई हसल्या. पोरीला जवळ बोलावून त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं आणि प्रवेश देऊन टाकला. परतताना दादानं भर रस्त्यात जीप बाजूला घेतली, मागं न बघता म्हणाला, "म्हण की अजून एकदा." मी आपला उतरून टायर बघत बसलो.

त्या शाळेनं पोरीचं सोनं केलं. ती शिकली, नोकरीला लागून पुण्याला गेली, फटाफट इंग्रजी बोलू लागली. पोरीनं पहिल्या पगारात आणलेला शर्ट दादानं एकदाच घातला. एका उन्हाळ्यात तो अचानक गेला, गाडी चालवताना नव्हे, घरी, दुपारचं जेवून आडवा झाला असताना.

मी तेव्हा नोकरीनिमित्त लांब होतो. दहाव्याला येऊन लगेच परतलो होतो. पुढं दिवाळीत गावी गेलो, तेव्हा वहिनी अंगणात शेळीची धार काढत होती. दारात जीप नव्हती. मी उभ्याउभ्याच विचारलं, कशा आहात वहिनी?

तिनं मान वर केली नाही.

"फाईन, भाऊजी."

मी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि तिच्याजवळ दगडावर बसलो. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी उठत नाही असं दिसल्यावर तिनं आधी गुडघे सांगितले, मग सोयाबीनचं सांगितलं, आणि मग दादाचं सांगायला लागली.