वहीतला रिकामा रकाना

सुधाकरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणला गच्चीवर टाकीत काठी घालून पाण्याची पातळी बघत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, सुनीताचा. "काका, बाबा गेले... सकाळी चहा ठेवलेला, तो तसाच हाय." मी विचारलं, किती वाजता? त्याला आता सात आठवडे झाले.

आम्ही एकाच कंपनीत होतो. ते फिटर, मी स्टोअरला. ते माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. वहिनी गेल्या, पाठोपाठ निवृत्ती आली, आणि दादांनी रोह्याला नदीकाठी एक लहान होडी ठेवली. तिच्यामागे लावायला कुणीतरी टाकून दिलेलं जुनं इंजिन आणलं. मासे धरायचे नव्हते, कुठे जायचंही नव्हतं. "घरात कसला तरी आवाज पायजे रे," एवढंच एकदा म्हणाले. महिन्यातले दोन रविवार मी गाडीनं रोह्याला जायचो. कासू स्टेशन गेलं की फोन करायचा, म्हणजे ते चहा ठेवत.

इंजिनाचं दुखणं एकच. जोरात छान पळायचं, वेग कमी केला की बंद. प्लग बदलला, ऑइल घातलेलं शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं, कार्ब्युरेटरचं बारीक भोक सायकलच्या पंपानं फुंकून साफ केलं, चिरलेली रबरी नळी बदलली. उरला हवेचा स्क्रू, संथ वेगाला इंजिनाला हवा किती मिळेल ते ठरवणारा. तो अलगद पूर्ण बंद करायचा आणि मग उलटा किती फेरे उघडला ते मी वहीत लिहायचो. अंगणात पाण्याच्या पिंपात इंजिनाचा पंख्याकडचा भाग बुडवून दीड फेऱ्यावर ते अकरा मिनिटं न थांबता संथ चाललं. घड्याळ लावून मोजलं होतं. नदीवर नेलं, गिअर टाकला, आणि दोन सेकंदांत बंद. असे तीन रविवार गेले. मी वही पुढे करून आकडा बरोबर असल्याचं सांगत राहिलो.

दादा हसले. "स्टोअरकीपर, पिंपात गिअर टाकलास का तू? पंखाच फिरत नव्हता, मग चालंल नाय तर काय! होडी ढकलायला लागली की दम जातो त्याचा. बांध होडी खुंटाला, टाक गिअर, मग फिरव स्क्रू."

चूक माझी होती. इंजिनावर भार नसताना घेतलेला आकडा मी खरा धरला होता. त्यानंतर ते गिअरचा दांडा धरून बसायचे आणि मी निळी टेप गुंडाळलेल्या त्यांच्या पेचकसानं स्क्रू फिरवायचो. प्रत्येक पाव फेऱ्याला विचारायचे, "किती?" मी म्हणायचो, "सव्वा." "ते वहीला सांग. कान कुठाय तुझा?" आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. स्क्रूची बरोबर जागा मात्र सापडली नव्हती.

गेल्या आठवड्यात सुनीताचा पुन्हा फोन आला. घर रिकामं करायचंय. "काका, चालत असंल तर इंजिन तुम्ही न्या. नायतर उद्या भंगारवाला येतोय." तसाच निघालो. कासू गेलं आणि हात खिशातल्या फोनकडे गेला...

होडी खुंटाला बांधली. गिअर धरायला कुणी नव्हतं, म्हणून दांडा सुतळीनं बांधला. वहीतल्या शेवटच्या नोंदीप्रमाणे सव्वा फेरा. बंद पडलं. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा बंद. पाच वेळा. दंड भरून आले. मग वही फळीखाली सरकवली, पुन्हा दोरी ओढली, लगेच मागच्या बाजूला ओणवा झालो आणि डोळे मिटून पेचकस फिरवत राहिलो. इंजिन आधी धापा टाकत होतं, मग गुदमरायला लागलं. त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी त्याचा श्वास एकसारखा झाला. खुंटाची दोरी ताणलेली, होडी जागच्या जागी ओढ घेतेय, आणि इंजिन संथ, न थांबता चालू. मी तसाच ओणवा थांबलो. कुणी "किती?" विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. फेरे मोजायचे राहून गेले होते.

इंजिन आता पेणला, माझ्या पडवीत लाकडी घोडीवर आहे. पेचकस शेजारी खिळ्याला टांगलाय. वहीत त्या दिवसाच्या ओळीत तारीख आहे, पेट्रोल-ऑइलचं प्रमाण आहे; फेऱ्यांचा रकाना रिकामा आहे. स्क्रू बंद करत नेला की फेरे मोजता येतील. मिनिटभराचं काम. रोज संध्याकाळी पडवीत जातो, इंजिनावरचं फडकं सारखं करतो... आणि पेचकसाला हात न लावता आत येतो.